भाजीचे माप खोक्यावर छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत स्पायरलायझरवर, म्हणजे भाजीचे शेवयांसारखे लांब धागे काढणाऱ्या यंत्रावर लेख आला होता. पाती किती, मोटर आहे की हँडल, रंग कोणते, सगळे त्यात होते. भाजी किती जाडीची लागते, हे मात्र कुठेच नव्हते. खोक्यावरही नसते, म्हणून हे पत्र.

मी ३४ वर्षे लेथवर, म्हणजे धातूची वस्तू फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, टर्नर होतो. सुनेने हे यंत्र ओट्यावर ठेवले तेव्हा मला हसूच आले, कारण हा चक्क लहानसा लेथ आहे. जॉब, म्हणजे कापायची वस्तू, फिरतो, पाते जागच्या जागी. जॉब बरोबर मधोमध, सेंटरला लागला नाही तर काय होते, हे मला वेगळे शिकवायला नको. तरीही पहिले गाजर मी फुकट घालवलेच. हँडलकडचे दाते गाजराच्या बुडात नीट रुतले होते. पण पात्याच्या मधोमध एक छोटी गोल नळी असते आणि तिच्यातून भाजीचा गाभा पेन्सिलीसारखा बाहेर पडतो. गाजर त्या नळीपेक्षा जेमतेम जाड. गाभाच तेवढा निघाला आणि भोवतीचे नुसते कपटे झाले. आमच्या यंत्राला निदान ४ सेंमी जाडीची भाजी लागते, हे मी मोजून काढले. लेखातल्या पाच पात्यांचा त्यात काय उपयोग?

वाकडी काकडी अख्खी लावायची नाही. सरळ भागाचे ८-१० सेंमीचे तुकडे करावेत आणि दोन्ही टोके काटकोनात कापावीत. टोक तिरके राहिले की भाजी डुगडुगते, मग धागा एका बाजूला जाड आणि दुसरीकडे कागदासारखा पातळ. जोरही लावायचा नाही. मी पहिल्या दिवशी हँडल रेटत होतो, तर सून म्हणाली, "बाबा, फीड कमी करा." फीड म्हणजे जॉब आणि पाते एकमेकांकडे सरकवण्याचा वेग. माझाच शब्द मला ऐकवला!

पेन्सिलीच्या शार्पनरसारखे हातात धरून फिरवायचे यंत्रही मिळते. एकट्या माणसाला ते पुरते, जागाही कमी लागते. पण बीट फिरवताना मनगटाची परीक्षा असते. बायकोचा अंगठा आधीच दुखरा, तिने दोन दिवसांत ते बाजूला ठेवले. शिवाय भाजी संपत आली की बोटे पात्याजवळ येतात. भाजी धरायचे दात्यांचे टोपण सोबत नसेल तर ते घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हँडलच्या यंत्रात ही भीती कमी, पण त्याचे रबरी पाय घट्ट बसायला हवेत. गुळगुळीत ओट्यावर किंचित पाणी लावून दाबले तर बसतात. लाकडी फळीवर मात्र हवा शिरते आणि यंत्र सरकते.

मला कापले ते भाजी करताना नव्हे, धुताना. अडकलेला गाभा बोटाने ढकलायला गेलो. कारखान्यात चिप, म्हणजे कापताना निघणारा धातूचा कीस, कधी हाताने ओढली नाही आणि घरी हे केले. आता काम झाल्याबरोबर, रस वाळायच्या आत, वाहत्या पाण्याखाली ब्रशने मागच्या बाजूने साफ करतो. गाजराने प्लास्टिक पिवळे पडते ते साबणाने जात नाही. तो रंग तेलात विरघळतो, म्हणून आधी तेलाचे बोट फिरवावे, मग साबण.

धागे शिजवण्याबद्दल एवढेच, की काकडी किंवा झुकिनीत साधारण ९५ टक्के पाणी असते. मीठ लावून १०-१५ मिनिटे ठेवावे आणि पिळून घ्यावे. झुकिनी तापल्या तव्यावर एक-दोन मिनिटे पुरे, जास्त ठेवली तर ताटात तळे होते. हे माझे ज्ञान नाही, सुनेचे आहे.

माझी मागणी साधी आहे. भाजीची कमीत कमी आणि जास्तीत जास्त जाडी, तसेच लांबी, बनवणाऱ्यांनी खोक्यावर छापावी. आणि आपल्या लेखकांनी पुढच्या वेळी पाती मोजण्याआधी गाजर मोजावे. सून चेष्टेने म्हणते, बाबा आता भाजी आणायला जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन जातील. दोनदा नेला आहे.

आपला,
एक निवृत्त टर्नर