परड्यातले दोन गुंठे

सांगली, 28 जून

ती. अण्णा आणि आईस शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर घरामागच्या परड्यात पुन्हा भाजी लावायचा विषय काढला की अण्णा "बघू" म्हणून फोन आईकडं देतात आणि आई "जेवलीस का?" विचारते. म्हणून कागदावर लिहितेय. कागद काही दुसऱ्याकडं देता येत नाही.

मागच्या महिन्यात गच्चीवरची भेंडी आणि तांबडा माठ घेऊन आले, तेव्हा पारावरच्या म्हाताऱ्यांनी पिशवीत डोकावून विचारलं, "आता सांगलीस्नं गावाला भाजी याय लागली व्हय?" सगळे हसले, मीही हसले. खरं तर त्यांचं काय चुकलं? स्टँडपासून आपल्या दारापर्यंत दोन्ही अंगांना ऊसच ऊस. आख्ख्या वाटेवर कोथिंबिरीची एक काडी दिसली नाही.

घरी आल्यावर आईनं पिशवी ओतली आणि एकेका भेंडीचा शेंडा नखानं मोडून बघितला, आष्ट्याच्या बाजारात बघते तसाच. एक भेंडी मोडेना, निबर झाली होती. मी ती टाकायला उचलली तर आईनं हातातनं काढून घेतली आणि फडताळात ठेवली. "बी हाय त्यात." त्या तीन शब्दांवरच हे सगळं पत्र चाललंय.

ती भेंडी जतच्या मावशीच्या बियाची. पहिल्या वर्षी मी पाकिटातलं संकरित बी लावलं होतं. भेंडी झकास आली. त्याचंच बी धरून पुढच्या वर्षी टोकलं, तर चार झाडांना चार तऱ्हेची भेंडी, एक तर नुसती काटेरी. मग मावशीकडनं राखेत घोळलेलं बी आणलं. आई, तुझ्याकडं मागितलं होतं आधी. तू म्हणालीस, "माझ्याकडं कुठलं आता?" गावठी बी जपणाऱ्या राहीबाई पोपेरेंना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा टीव्हीपुढं बसून तूच म्हणाली होतीस, "ह्यात काय, आमीबी करत हुतो की." करत होतीसच. वाळलेला दुधी आढ्याला टांगलेला असायचा, हलवला की आतलं बी खुळखुळायचं. आम्ही पोरं त्याचा खुळखुळा करायचो आणि मार खायचो.

मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ. कुडावर दोडका, त्याच्यावर कारलं, कुणाची फळं कुणाच्या वेलाला लागलीत कळायचं नाही. शेवगा तर शेजारच्यांनाही पुरायचा. हे परडं कधी गेलं ते मला पक्कं माहीत आहे. 2009 साली माझं लग्न झालं आणि त्याच पावसाळ्यात उसाची सरी स्वयंपाकघराच्या भिंतीला येऊन टेकली. कर्ज फेडायचं होतं. तुम्ही कधी बोलला नाहीत, मीही विचारलं नाही. कर्ज केव्हाच फिटलं, ऊस मात्र भिंतीलाच आहे.

अण्णा, तुम्ही हिशेबाचे पक्के, म्हणून हिशेबच मांडते. एकरी 50 टन धरला तर गुंठ्याला सव्वा टन, दोन गुंठ्यांचा अडीच टन. टनाला तीन हजार धरले तर साडेसात हजार, तेही आडसालीचे, म्हणजे दीड वर्षानं, आणि खत-पाण्याचा खर्च त्यातनंच जायचा. आई बाजारात आठवड्याला दीडशेची भाजी घेते. दीड वर्षाचे 78 आठवडे, म्हणजे 11,700 रुपये. शिवाय डॉक्टरांनी तिच्या साखरेसाठी पालेभाजी खायला सांगितलीय, ती मिळायला बाजाराचा वार उजाडावा लागतो आणि चौथ्या दिवशी शेपू पिवळा पडतो.

सगळा ऊस काढा असं मी म्हणत नाही. त्याच उसावर मी शिकले. आणि गच्चीवर मी काही संसार पिकवत नाही. द्राक्षाच्या जुन्या क्रेटी, तळाला रसवंतीतली चिपाडं, वर घरचा ओला कचरा आणि माती, एवढाच तो मळा. आठवड्यात तीन वेळची भाजी निघते. कांदा-बटाटा मंडईतनंच येतो, आणि नदीकाठच्या मळीची वांगी गच्चीवर कितीही जीव काढला तरी तशी होत नाहीत.

पण परड्याला जमीन आहे, मोरीचं पाणी आहे. फक्त एक अडचण दिसते. उसात तुम्ही टू-फोर-डी मारता ना, ते रुंद पानांचं तण मारायलाच असतं. घोळ, तांदुळजा, पाथरी बांधावरनं नाहीशी झाली ती त्यानंच. त्याला तण काय नि भाजी काय, सारखंच. वारा परड्याकडं असला तर दोडक्याची पानं दुसऱ्या दिवशी आवळून येतील. म्हणून परड्यालगतच्या चार सऱ्या यंदा खुरप्यानं भांगलायच्या. बाईची मजुरी मी देते. यावर तुम्ही चिडणार, पण देते.

आईचे गुडघे दुखतात हे विसरलेले नाही. तिनं पाटावर बसून बोट दाखवायचं. खोदणं, बांबू रोवणं मी आणि तुमचा नातू एकाआड एक रविवारी येऊन करू. तो मोबाईल सोडून येईल असं कबूल केलंय. बघू.

वेल लावायचे दिवस निघून चाललेत. अण्णा, लागणीची सरी सोडायला ट्रॅक्टर येत्या रविवारच्या आत बोलावू नका. मी सकाळच्या एसटीनं येतेय, दोरी नि खुंट्या घेऊन. दोन गुंठे आपण दोघं मोजू.

तुमची
नंदा

ता. क. आई, बंबाची राख उकिरड्यावर टाकू नकोस. चाळून डब्यात भरून ठेव. मावशीनं पावट्याचं बीपण दिलंय, थोडं पुढच्या सालासाठी ठेवायचंय.