पेपर दाखवण्याबद्दल

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

"मी कुठे कॉपी केली? मी फक्त परीक्षेत मैत्रिणीला पेपर दाखवला," असं तू परवा फोनवर म्हणालीस. तेव्हा विषय वाढवला नाही, फोनवर अशा गोष्टींचं भांडणच होतं. म्हणून लिहितेय.

आधी तुझ्या मैत्रिणीबद्दल. ती लबाड आहे असं मला मुळीच वाटत नाही. हार्टशॉर्न आणि मे या अमेरिकी संशोधकांनी हजारो शाळकरी मुलांना लबाडी करायची संधी मुद्दाम देऊन पाहिली होती. १९२८ साली त्यांचं पुस्तक आलं. एका ठिकाणी फसवणारं मूल दुसरीकडे अगदी सरळ वागायचं. खरी मुलं इकडे, खोटी तिकडे अशी वाटणी काही त्यांना करता येईना. मला ते पटतं. अभ्यास राहून गेलेला, घरात पाऊल टाकताच "किती पडले?", आणि सुपरवायझर दाराशी गप्पांत रंगलेले. अशा वेळी भल्याभल्यांची मान वळते.

त्यातही सगळ्यात जास्त ओढतं ते "सगळेच करतात" हे. मॅकेब आणि ट्रेव्हिनो यांनी १९९३ मध्ये कॉलेजच्या मुलांची पाहणी केली, तेव्हा कॉपीशी सर्वांत घट्ट संबंध दिसला तो हाच: बरोबरीची मुलं काय करतात असं त्या मुलाला वाटतं. आता तुझं बघ. तू उत्तरपत्रिका कोपर बाजूला घेऊन जरा तिरकी सरकवलीस, तेव्हा मागच्या दोन बाकांनी ते पाहिलंच असणार. हुशार मुलगीसुद्धा दाखवते म्हटल्यावर त्यांचा उरलासुरला संकोच गेला. त्या "सगळेच"मध्ये आता तूही आलीस, एक अक्षर न चोरता.

आणि तुझ्या मैत्रिणीला मिळालं काय? मार्क. ते पाहून बाई समजणार की हिला धडा कळलाय, आणि पुढे जाणार. पुढचा धडा याच्याच डोक्यावर उभा, तिथे ती आणखी अडणार. शिवाय आठवून लिहिण्याची धडपड हाही अभ्यासच असतो. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, पण आठवड्यानंतर बाजी मारली ती न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी. ती धडपडच तू तिच्याकडून काढून घेतलीस. हेतू चांगला होता, मान्य. तरी मला हे चालणार नाही.

परीक्षा वाईट असू शकते. नुसत्या व्याख्या ओकायला लावणाऱ्या पेपरांचा मलाही राग येतो. त्याबद्दल बाईंशी बोलायचं असेल तर बोल, मीही येईन. पण तिरक्या पेपराने तो पेपर सुधारत नाही, आणि जी पोर रात्रभर जागून स्वतःचं लिहिते तिचा नंबर मात्र खाली जातो.

पुढच्या परीक्षेआधीच मैत्रिणीला सांगून टाक की दाखवणार नाही. ऐन पेपरात नकार दिलास तर तो दगाच वाटेल. दोन दिवस आधी तिला घरी बोलाव, तिच्याकडून प्रश्न सोडवून घे. रुसली तर रुसू दे, आठवड्यात बोलायला लागेल. बाबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव.

तुझी,
आई