सहकुटुंब, पण कुटुंब घरी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात गेले काही महिने ‘सहकुटुंब युरोप’च्या पानभर जाहिराती येत आहेत. त्यातल्या ‘सहकुटुंब’ या शब्दाबद्दल थोडं लिहायचं आहे. आमच्या घरचे सगळे मे महिन्यात युरोपला जाऊन आले. फक्त कुटुंब, म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेत बायको, म्हणजे मी, सहकारनगरातच होते.

सहल मुलाने हौसेने ठरवली होती. तो, सून, नऊ वर्षांची नात आणि आम्ही दोघं. बारा दिवस, पॅरिस आणि स्वित्झर्लंड. एकच व्हिसा काढला की म्हणे २९ देशांत चालतो. मोठ्या माणसाला ९० युरो फी, शिवाय ३०,००० युरोंचा विमा. बोटांचे ठसे देताना माझे तीनदा घ्यावे लागले. भांडी घासून रेषाच उरल्या नाहीत, असं मी तिथल्या मुलीला म्हटलं तर ती हसली. अर्ज कुठल्या वकिलातीकडे केला ते लिहीत नाही, कारण माझं भांडण तिच्याशी नाहीच.

पासपोर्ट परत आले. चौघांच्यात व्हिसा चिकटवलेला, माझ्यात घडी घातलेला एक छापील कागद. त्यावर कारणांची यादी असते आणि आपल्याला लागू असेल त्यापुढे फुली. माझी फुली ज्या ओळीपुढे होती तिचा अर्थ असा : मुदत संपण्याआधी ही व्यक्ती आमच्याकडून परत जाईल याबद्दल रास्त शंका आहे.

मी दोनदा चश्मा पुसून वाचलं. माझा जन्म कसबा पेठेतला, लग्न करून गेले सदाशिव पेठेत, तिथून सहकारनगर. ६७ वर्षांत एकूण मजल पाच-सहा किलोमीटर. एक गुडघा कुरकुरतो. गणपतीत उकड काढायला आमच्या इमारतीतल्या निम्म्या घरांतून मलाच हाक येते. ही बाई पॅरिसमध्ये लपून राहून करणार काय?

एजंट तरुण होता, पण स्पष्ट बोलला. ‘काकू, कारण ते उलगडून सांगत नाहीत. पण माझा अंदाज विचाराल तर तुमच्या फाइलला वजन नव्हतं.’

मग मी घरी फाइल उघडून बसले. ह्यांच्या भागात निवृत्तिवेतनाचं पत्र, तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं, फ्लॅटचा करारनामा, सोसायटीचं भाग प्रमाणपत्र, मिळकतकराची पावती. माझ्या भागात विवाह नोंदणीचा दाखला आणि बँकेचं पासबुक, तेही जोडखात्याचं, पहिलं नाव ह्यांचं. मी २३ वर्षं घरात पाळणाघर चालवलं. त्यातली काही मुलं आज स्वतःची मुलं घेऊन भेटायला येतात. पण तो व्यवहार रोखीचा, कर भरण्याइतका कधी नव्हताच, म्हणून विवरणपत्र नाही. त्या पैशातून फ्लॅटचे कितीतरी हप्ते गेले. करारनाम्याच्या वेळी कर्ज ह्यांच्या पगारावर होतं, तर नावही ह्यांचंच, असं सगळ्यांनी धरलं. ‘सगळ्यांनी’ यात मीही आले. साक्षीदार म्हणून माझी सही आहे त्यावर. विजेचं बिल, गॅसचं कार्ड, सगळं तसंच. कागदांवरून शोधायला गेलात तर मी पुण्यात राहते याचा पुरावा म्हणजे माझं आधार कार्ड. तेवढ्यावर कोणी का म्हणावं की ही परत येईल!

दाद मागता येते, पण निकाल लागेपर्यंत विमान उडून गेलं असतं. हे म्हणाले, ‘मग मीही जात नाही.’ म्हणाले खरं, पण चेहऱ्यावर दिसत होतं की जायचं आहे. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या माणसाला आल्प्स बघावासा वाटला तर त्यात गैर काही नाही. नातीने तर बर्फाचे बूटही आणले होते. मीच सांगितलं, जा. बारा दिवसांच्या गोळ्या पुड्यांत बांधल्या, प्रत्येकीवर वार लिहिला. रात्री अकराला मुंबईची गाडी आली. सगळ्यांच्या हातावर दही घातलं. ह्यांनी ते चाटलं, गाडीत बसले, काच खाली केली आणि म्हणाले, ‘उद्यापासून दूध अर्धा लिटर कर.’ ४२ वर्षांत आम्ही इतके दिवस वेगळे राहिलो नव्हतो. त्या प्रसंगी आमच्याकडे एवढंच बोललं गेलं.

एका माणसाचा भात लावता येत नाही, हे मला या वयात कळलं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. सकाळी साडेदहाला माझा स्वयंपाक चालू असायचा तेव्हा हे तिकडे उठून विचारायचे, बुधवारची पुडी कुठल्या कप्प्यात आहे? युंगफ्राउयोखवरून, म्हणजे ३४५४ मीटरवरून, व्हिडिओ कॉल केला. मागे सगळं पांढरं, पुढे ह्यांचं लाल झालेलं नाक. ‘अगं, सिंहगडाच्या अडीचपटीहून उंच!’ पुढे काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. मी विचारलं, आतला स्वेटर घातलाय ना? त्यांनी फोन नातीकडे दिला. इकडे इमारतीत रोज कोणीतरी विचारायचं, ‘तुम्ही नाही गेलात?’ पहिले तीन दिवस मी गुडघ्याचं कारण सांगितलं. चौथ्या दिवसापासून खरं सांगू लागले, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या दोघीजणी आपापल्या घरची कागदपत्रं काढून बघायला गेल्या. दोघींचंही नाव कशावर नव्हतं.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने शेतकऱ्यांना सांगितलं होतं की जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करा, लक्ष्मीला मुक्त करा. पुढे १९९२ मध्ये सरकारनेही लक्ष्मीमुक्ती योजना आणली, सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची. तो विषय गावाकडचा, असं आम्ही पेठेतले लोक समजत आलो. आता नवीन घर फक्त बाईच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ते चांगलंच आहे, पण माझ्या वयाच्या बायका नवीन घरं घेत नाहीत. आमची घरं घेऊन झाली, हप्ते फेडून झाले. त्यावर नावं तेवढी राहून गेली.

हे परतले ते चॉकलेटं आणि फ्रिजवर लावायचा आयफेल टॉवर घेऊन. दोन दिवस झोपले. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी विषय काढला. म्हणाले, ‘त्याची काय गरज? सगळं तुझंच तर आहे.’ मी म्हटलं, मग लिहा तसं.

रागावले नाहीत, जरा गप्प झाले. संध्याकाळी स्वतःच सोसायटीच्या सचिवांकडे गेले. तिथे कळलं की सहयोगी सभासद केल्याने मालकी येत नाही, त्यासाठी नोंदणीकृत बक्षीसपत्र लागतं. नवऱ्याने राहतं घर बायकोला दिलं तर आपल्या राज्यात त्याचं मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. बक्षीसपत्र! ज्या घराची फरशी मी इतकी वर्षं पुसली त्यातला अर्धा भाग मला बक्षीस मिळणार आहे. शब्द सरकारचा आहे, मी काही बदलू शकत नाही. उद्या पुन्हा अर्ज केला तर एवढ्याने व्हिसा मिळेलच, असंही नाही. पण त्यासाठी मी हे करत नाहीये.

पुढच्या गुरुवारी दुय्यम निबंधकांकडची वेळ मिळाली आहे. यावेळी ठसे उमटावेत म्हणून दोन दिवस भांडी ह्यांच्याकडे दिली आहेत. दूध पुन्हा एक लिटर केलं आहे.

आपली,
एक वाचक, सहकारनगर, पुणे
(नाव छापू नये, ही विनंती.)