बीजगणिताच्या वहीत एक आडवी रेघ चालू द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या आठवड्यात नातीने दप्तरातून एक छापील कागद काढून माझ्यापुढे सहीला धरला. ती राजापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत नववीला आहे. आईवडील मुंबईत आणि ती आम्हा दोघा म्हाताऱ्यांजवळ. कागदावर मथळा होता, ‘बीजगणित : विद्यार्थ्यांसाठी सूचना’. शाळेचे नाव मुद्दाम देत नाही. सर मनापासून शिकवणारे आहेत, आणि असाच कागद थोड्याफार फरकाने आणखीही शाळांतून घरी जात असेल. मी तीस वर्षे पतसंस्थेत रोखपाल होतो, त्यामुळे सही करण्याआधी कागद शेवटपर्यंत वाचायची खोड आहे.

बीजगणित आणि भूमितीला वेगवेगळ्या दोनशेपानी वह्या. गृहपाठ दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी टेबलावर. पायरीखाली पायरी, बरोबरची चिन्हे एका रेषेत. कॅल्क्युलेटर आणायचा नाही. गैरहजेरीला पालकांची चिठ्ठी. यातल्या कशाबद्दलच माझी तक्रार नाही. कॅल्क्युलेटर बोर्डाच्या परीक्षेत चालत नाही, तेव्हा नववीत त्याची सवय कशाला? प्रार्थनेआधीचा नियम आमच्या एसटीला माहीत नाही एवढेच, पण वहाळाला पाणी आले की सर दुपारपर्यंत थांबतात. बरोबरची चिन्हे एका रेषेत हा नियम तर मला फारच आवडला. आकडे एकाखाली एक नसले की बेरीज कशी घसरते ते मी जन्मभर पाहिले आहे.

अडलो तो सातव्या सूचनेशी. ‘उदाहरणे पेनाने सोडवावीत. वहीत खाडाखोड करू नये, व्हाइटनर वापरू नये. खाडाखोड आढळल्यास पूर्ण पान पुन्हा लिहावे लागेल व अंतर्गत गुण देताना त्याचा विचार केला जाईल.’ सही केली खरी. या सूचनेचा अर्थ पुढे पावसाळ्यात कळला.

एका रात्री लाइट गेलेली, इन्व्हर्टरवरचा एकच दिवा. नात दोन चलांतील रेषीय समीकरणे घेऊन बसली होती. मी म्हटले, पुस्तकातले राहू दे, मी घालतो ते सोडव. आंब्याच्या पाच डझनी आणि चार डझनी मिळून २२ पेट्या भरल्या, एकूण आंबे ९७ डझन, तर कोणत्या किती? तिने पाच डझनी पेट्या क्ष धरल्या. (तिच्या पुस्तकात हल्ली इंग्रजी अक्षरे असतात. मी क्षवर वाढलो आणि माझ्यासमोर तीही क्षच लिहिते.) मग चार डझनी झाल्या २२ − क्ष. तिने मांडले, ५क्ष + ४(२२ − क्ष) = ९७. इथवर अगदी बरोबर. पुढच्या ओळीत लिहिले, ५क्ष + ८८ − क्ष = ९७. म्हणजे ४क्ष = ९ आणि क्ष = सव्वादोन.

मी काहीच बोललो नाही. ती पेन्सिल तोंडात धरून उत्तराकडे बघत बसली आणि एकदम हसली. “ओ आजोबा, सव्वादोन पेट्या कशा होतील?” मग एकेक पायरी मागे जात कंसाशी पोचली. बाहेरचा ४ बावीसला लागला होता, क्षला लागायचा राहिला होता. ५क्ष + ८८ − ४क्ष, म्हणून क्ष = ९ आणि चार डझनी १३. पाच नव्वे पंचेचाळीस, चार तेरे बावन्न, मिळून ९७. तिचा चेहरा बघण्यासारखा होता. चूक आपली आपल्याला सापडली की असे होते, रोखपालाला विचारा.

हे सगळे झाले कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे, पेन्सिलने. नंतर तिने पक्की वही उघडली, पेनाने शेवटची शुद्ध मांडणी उतरवली आणि कॅलेंडरचे पान चुलीच्या लाकडांवर टाकले. सकाळी त्याने पाणी तापले. सरांच्या टेबलावर गेली ती चार ओळींची स्वच्छ वही. आमच्या मुलीचा पाय कंसात नेमका कुठे अडकतो, हे सरांना त्या वहीतून कधीच कळणार नाही.

ही पुष्कळ बरी गोष्ट म्हणायची. वाईट गोष्ट गणपतीच्या आधी दिसली. मखराचे काम करायला तिच्या तीन मैत्रिणी पडवीत जमल्या होत्या, वह्या तिथेच पडलेल्या. मी सहज उघडल्या. एक उदाहरण होते, २क्ष − ३य = १ आणि क्ष + य = ८. चारही वह्यांत दुसरी पायरी एकच, २क्ष − २४ − ३क्ष = १. आणि तिसरी, ५क्ष = २५. आता वजा ३क्ष असतील तर ५क्ष कुठून आले? तिथे अधिक हवे, कारण वजा तीन गुणिले वजा क्ष. चौघींची चूक एकाच जागी आणि चौघींचे उत्तर बरोबर! चौघींनाही लाल शाईत बरोबरची खूण. विचारले तर मान खाली. गाइडात छापताना चिन्ह चुकले होते, तेच चार घरांत उतरले. मी रागावलो नाही. घरी एकदा रफ, एकदा पक्के आणि खाडाखोड झाली की तिसऱ्यांदा पूर्ण पान, एवढे लिहिण्यापेक्षा गाइड समोर ठेवले की खाडाखोड होतच नाही, हे पोरींना बरोबर कळले आहे. सातवी सूचना त्यांनी तंतोतंत पाळली.

आता माझ्या धंद्यातले सांगतो. नोकरीला लागलो त्या पहिल्याच महिन्यात रोजकीर्दीत एक आकडा चुकला. वही स्वच्छ दिसावी म्हणून मी तो ब्लेडने हलकेच खरवडला आणि वर नवीन आकडा घातला. आमच्या वरिष्ठांनी पान उजेडासमोर धरले आणि सगळ्यांसमोर माझी हजेरी घेतली. खोडलेले चालेल, खरवडलेले चालणार नाही, असे त्यांनी बजावले. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ, आकडा खाली वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा आणि शेजारी सही. कारण काही महिन्यांनी शिल्लक जुळेनाशी झाली की आधी काय लिहिले होते ते दिसावे लागते. जिथे लोकांचे पैसे असतात तिथे खोडायला परवानगी आणि लपवायला बंदी असते. चौदा वर्षांच्या मुलीच्या वहीत नेमके याच्या उलट.

बोर्डाचाही विचार करू. दहावीला गणित भाग १ म्हणजे बीजगणित, ४० गुणांचे, वेळ दोन तास. भाग २ भूमितीचे तसेच, आणि २० गुण अंतर्गत. म्हणजे बीजगणितात एका गुणाला तीन मिनिटे पडतात. ज्या मुलाने दोन वर्षे प्रत्येक उदाहरण आधी कच्चे आणि मग पक्के केले, ते तिथे काय करणार? पायऱ्यांना गुण असतात, पण पायरी चुकली की पान फाडता येत नाही. एक रेघ मारून शांतपणे पुढे जायची सवय त्या दिवशी हाताला हवी, ती आयत्या वेळी येत नाही. आपल्या कोकण विभागाचा दहावीचा निकाल राज्यात वरचा असतो, २०२४ मध्ये ९९.०१ टक्के, २०२५ मध्ये ९८.८२ टक्के. त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्या टक्क्यांत किती जणांना कंस सोडवता येतो आणि किती जणांना गाइड पाठ आहे, ते निकालपत्रकात दिसत नाही.

मी सरांना भेटलो. त्यांनी चहा मागवला आणि सरळ सांगितले, “अण्णा, तुमचं पटतंय. पण वह्या तपासायला येतात ते पानं चाळतात, गणित वाचत नाहीत. खोडलेलं दिसलं की शेरा मला बसतो.” शिवाय आठवी, नववी, दहावी तिन्ही वर्गांचे गणित त्यांच्याकडेच. स्वच्छ वही लवकर तपासून होते, हे मी समजू शकतो. म्हणून हे पत्र शाळेपेक्षा तपासणीला येणाऱ्यांनी आणि वहीवर नजर टाकून ‘काय हे अक्षर’ म्हणणाऱ्या माझ्यासारख्या पालकांनी वाचावे. मीही आधी तेच म्हणत असे.

मागणी छोटी आहे. सातवी सूचना काढू नका, बदला. ‘चुकलेली पायरी एका आडव्या रेघेने खोडावी. ती वाचता आली पाहिजे. खाली बरोबर पायरी लिहावी. यासाठी गुण कापले जाणार नाहीत.’ गिचमीड केली, रेघोट्या ओढल्या, तर खुशाल पान पुन्हा लिहायला लावा. जमत असेल तर डावे पान कच्च्या कामाला ठेवा, म्हणजे कॅलेंडरची पाने चुलीत जायची थांबतील. वर्गातल्या पंधरा वह्यांत ५क्ष + ८८ − क्ष वर रेघ दिसली, तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर काय घ्यायचे ते सरांना वेगळे शोधावे लागणार नाही.

सर म्हणाले, पुढच्या घटक चाचणीपुरते करून बघू. नातीला सांगितले तर तिचा पहिला प्रश्न, रेघ पट्टीने मारायची की हाताने? मी म्हटले, हाताने. तिला ते फारसे पटलेले दिसत नाही.

नववीच्या बीजगणितात अर्थनियोजनाचे प्रकरण आहे. त्या वेळी सरांनी बोलावले तर घरखर्चाची माझी जुनी वही घेऊन वर्गात यायला तयार आहे. तिच्यात खोडलेले आकडे भरपूर आहेत आणि सगळे वाचता येतात. फक्त तास दुपारचा ठेवावा, सकाळच्या गाडीचा भरवसा नाही.

आपला,
एक निवृत्त रोखपाल
ता. राजापूर, जि. रत्नागिरी