सी शिकवा, पण आजची

संपादक महोदय,

नवशिक्यांनी सी भाषेच्या वाटेला जाऊ नये, असं सांगणारा लेख आपल्या पुरवणीत वाचला. पन्नास वर्षांची जुनी भाषा, सगळं हातानं करायला लावते, त्यापेक्षा पायथॉन शिका आणि मोकळे व्हा, असा त्याचा सूर. माझी सगळी नोकरी मायक्रोकंट्रोलरसाठी (यंत्रांच्या आत बसवलेल्या चिमुकल्या कॉम्प्युटरसाठी) सी लिहिण्यात गेली, तेव्हा मी सीच्या बाजूची आहे हे आधीच सांगून टाकते. पण लेखात ज्या गोष्टींची धास्ती दाखवली आहे, त्यातल्या निम्म्या भाषेनं केलेल्याच नाहीत. त्या वर्गात घडतात.

माझी भाची सध्या सी शिकते आहे. तिच्या वर्गातला कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्राम) डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, काळातला, निळ्या पडद्याचा. आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर तो सरळ चालत नाही, म्हणून डॉसबॉक्समध्ये चालवतात. म्हणजे नव्या कॉम्प्युटरला जुन्याचं सोंग घ्यायला लावायचं आणि मग प्रोग्रामिंगचा श्रीगणेशा करायचा! ‘कोनिओ.एच’, ‘क्लिअरस्क्रीन’, ‘गेटसीएच’ ही पडदा पुसण्याची, कळ वाचण्याची नावं मुलं पाठ करतात. सीच्या मानकात, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांत, यातलं काहीही कधीच नव्हतं.

फॅक्टोरियलच्या (एकपासून त्या आकड्यापर्यंतच्या गुणाकाराच्या) प्रोग्राममध्ये तिनं आठ टाकले. उत्तर ४०३२० यायला हवं, आलं वजा २५२१६. वर्गात सल्ला मिळाला, ‘सातपर्यंतच टाका.’ अहो, शिकवायची गोष्ट तिथेच तर होती! त्या कंपायलरचा इंट (पूर्णांक ठेवायची जागा) दोन बाइटचा, त्यात ३२७६७ च्या वर आकडा मावत नाही. घरी जीसीसी या आजच्या कंपायलरवर तोच प्रोग्राम चालवला तर बारापर्यंत उत्तर बरोबर आणि तेराला घोटाळा, कारण इथे इंट चार बाइटचा आहे. इंट केवढा असावा हे सी ठरवून देत नाही, निदान १६ बिट (दोन बाइट) हवेत इतकंच सांगते. लहान मायक्रोकंट्रोलरवर तो आजही दोन बाइटचाच असतो. नेमका आकार हवा असेल तर १९९९ च्या मानकानं त्यासाठी वेगळे प्रकार दिले आहेत. वर्गात त्यांचं नावसुद्धा निघालेलं नाही.

दुसरा प्रसंग मला जास्त आवडला. तिनं एक स्ट्रक्चर (एकत्र ठेवलेल्या माहितीचा गठ्ठा) केलं: विषयाच्या नावासाठी एकेका बाइटच्या दहा जागांचा कॅरॅक्टर अॅरे आणि त्याला लागून मार्कांचा इंट. मार्क ८१ भरले, मग स्कॅनएफनं (टाइप केलेलं वाचून घेणाऱ्या फंक्शननं) विषय घेतला, ‘मराठी’. छापताना विषय बरोबर आला आणि मार्क आले ८४,३१,०७२.

‘मावशी, तीनच तर अक्षरं आहेत, दहा जागा पुरत नाहीत?’

नाही पुरत. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या आजच्या पद्धतीत, म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं होतात, प्रत्येकी तीन बाइटची. झाले पंधरा. शेवटी स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) संपल्याची खूण म्हणून एक शून्य, म्हणजे सोळा. दहा जागा आणि मध्ये कंपायलरनं सोडलेले दोन बाइट भरून उरलेले चार थेट मार्कांच्या घरात घुसले. आम्ही ते चार बाइट कागदावर उलट्या क्रमानं मांडले, तर ८४,३१,०७२ बरोब्बर निघाले. मग स्कॅनएफला नऊच बाइट घेण्याची मर्यादा घातली. मार्क ८१ राहिले, पण विषय छापला गेला ‘मरा’. ती हसत सुटली. यूटीएफ-८, लिटल एंडियन (बाइटचा तो उलटा क्रम), पॅडिंग (मध्ये सोडलेले ते बाइट), सगळं एका बैठकीत झालं, आणि व्याख्यान कोणी दिलं नाही. पायथॉन त्याच शब्दाची लांबी पाच सांगून गप्प बसतो. तो पायथॉनचा दोष नव्हे. रोजच्या कामाला तेच बरं. पण पायथॉनचा नेहमीच्या वापरातला इंटरप्रिटर (पायथॉनचे प्रोग्राम चालवणारा प्रोग्राम) सीमध्येच लिहिलेला आहे, आणि लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभाही. कोणीतरी त्या तळघरात उतरावंच लागतं.

सीमधल्या चुकांतून घुसखोरांना वाट मिळते, हा लेखातला सुरक्षेचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. १९८८ चा मॉरिस वर्म (इंटरनेटवर आपोआप पसरलेला उपद्रवी प्रोग्राम) शिरला त्यातली एक वाट ‘गेट्स’ या फंक्शनची होती. किती अक्षरं येणार हे न बघता ते घेत सुटतं. २०११ च्या मानकातून ते काढून टाकलं. आता लिनक्सच्या गाभ्यातही रस्ट या असल्या चुका रोखणाऱ्या भाषेला प्रवेश मिळाला आहे, आणि तो योग्यच आहे. पण भाचीच्या वहीत ‘गेट्स’ अजून आहे, ‘स्ट्रिंग वाचण्याची सोपी पद्धत’ म्हणून. याला काय म्हणावं?

नवशिक्याला सी शिकवायची तर जीसीसी किंवा क्लँग हे कंपायलर फुकट मिळतात. वॉर्निंगचे (कंपायलर देतो त्या इशाऱ्यांचे) पर्याय पहिल्या दिवसापासून चालू ठेवावेत, आणि वॉर्निंग आली की प्रोग्राम अपुरा समजावा. अॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारी कंपायलरची सोय) चालू असेल तर अॅरेची हद्द ओलांडताच प्रोग्राम थांबतो आणि कोणत्या ओळीवर ते सांगतो. (वरच्या मार्कांसारखी, स्ट्रक्चरच्या आतल्या आत झालेली घुसखोरी त्यालाही दिसत नाही, हेही मुलांना सांगावं.) पॉइंटरची (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलची) भीती बरीचशी आंधळेपणाची असते. डिबगरमध्ये (चालता प्रोग्राम थांबवून आत डोकावण्याच्या साधनात) पत्ता आणि त्या पत्त्यावरचे बाइट समोर दिसले की ती ओसरते.

आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एक विनंती. आय या व्हेरिएबलची किंमत पाच असताना ‘आय प्लस प्लस अधिक प्लस प्लस आय’ (प्लस प्लस म्हणजे किंमत एकनं वाढवणं) हे पुन्हा आयमध्येच ठेवलं तर काय छापलं जाईल, हा प्रश्न भाचीच्या सराव परीक्षेत दोन मार्कांना होता. १९८९ च्या पहिल्या मानकापासून याला उत्तरच नाही. हे वर्तन अनिश्चित आहे, कंपायलरनं काहीही करावं. जीसीसी तर तशी वॉर्निंगही देतो. तिनं ‘सांगता येणार नाही’ असं लिहिलं आणि शून्य मिळालं. हा प्रश्न काढता येत नसेल, तर निदान ते उत्तर बरोबर धरा.

आपली,
फर्मवेअरमधून निवृत्त झालेली एक वाचक