वॉरंटीतली कानाची मशीन, नागपूरच्या खेपा आणि परस्पर बंद केलेली तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : वॉरंटीतले श्रवणयंत्र दुरुस्त करून न देणे, तक्रार परस्पर बंद करणे आणि मशीन कानात बसवायच्या साच्यासाठी वारंवार नागपूरला बोलावणे याबाबत.

महोदय,

माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या दोन्ही कानांच्या मशिनी आपल्या नागपूरच्या केंद्रातून घेतलेल्या आहेत. उजव्या कानाची मशीन उन्हाळ्यापासून आपल्याकडे पडून आहे. ती वॉरंटीत असताना ‘आत ओलावा गेला, वॉरंटी लागू नाही’ असं सांगून आमच्याकडे दुरुस्तीचा खर्च मागितला गेला. त्याविरुद्ध मी केलेली तक्रार आपल्या कॉल सेंटरने ‘ग्राहक संपर्कात नाही’ असा शेरा मारून बंद केली. या दोन्ही गोष्टी मला मान्य नाहीत, म्हणून हे पत्र.

आम्ही घाटंजी तालुक्यातल्या एका गावात राहतो. कोरडवाहू वावर आहे, कापूस आणि तूर. कापसाचा चुकारा हातात आला तसा आधी मशिनींसाठी बाजूला काढला, मग बाकीचा हिशेब केला. घरात दोन लेकरं आहेत आणि मला आठवा महिना सुरू आहे. मोठ्या मुलाला सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे पूर्ण आजार. आम्ही नवराबायको दोघंही एएस, म्हणजे वाहक. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते, तेव्हा पोटातल्या बाळाचीही काळजी आहेच. मोठ्याला रोजची गोळी, भरपूर पाणी, ऊन-थंडी आणि दगदग यांपासून जपणं हे सगळं करावं लागतं. थोडं दुर्लक्ष झालं की त्याची हाडं दुखायला लागतात, आणि ते दुखणं असं असतं की पोरगा रात्रभर रडतो आणि सकाळी ॲडमिट करावं लागतं. त्याच्या रक्ततपासणीची तारीख यवतमाळला, मुलीची स्पीच थेरपी यवतमाळला पण दुसऱ्या वारी, आणि माझी तपासणी नऊ तारखेला. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायांना दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टर तपासतात. माझं रक्त कमी भरलं आहे, बीपीही वर गेला होता. ती तारीख मला चुकवता येत नाही.

हे सारं मी आपल्या केंद्राला फोनवर सांगितलं होतं. ‘नोंद केली आहे मॅडम’ असं उत्तर मिळालं. त्यानंतर साच्याच्या मापासाठी जी तारीख आली ती ९ होती. बदलून मागितली तर त्यापुढची जागा थेट महिन्याभराने.

मे महिन्यात आम्ही नागपूरला गेलो ती खेप मी विसरू शकत नाही. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर, त्याआधी गावापासून यवतमाळपर्यंतची एसटी वेगळी. मोठ्याला अशा उन्हात नेता येत नाही म्हणून त्याला जावेकडे ठेवलं. दिवसभर जीव त्याच्यात. पाणी पितो की नाही, खेळायला उन्हात तर गेला नाही. आपल्या केंद्रात पोचलो तर ऐकण्याची तपासणी करणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट मॅडम त्या दिवशी कॅम्पला गेलेल्या होत्या. तारीख आपणच दिलेली होती. एक मेसेज आला असता तर मी पोटुशी बाई लेकराला घेऊन घरातून निघालेच नसते. तिथल्या मुलाने मशीन ठेवून घेतली, पावती दिली आणि ‘चेक करून कळवतो’ म्हणाला. कळवलं ते ओलाव्याचं.

आता ओलाव्याबद्दल. मशीन विकताना आपल्या माणसाने जे पत्रक दाखवलं त्यावर ‘आयपी ६८’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं आहे. पत्रक माझ्याकडे जपून ठेवलेलं आहे. त्यातला ६ धुळीसाठी आणि ८ पाण्यासाठी असतो. धूळ आत शिरणार नाही आणि पाण्यात बुडाली तरी ठरावीक वेळ टिकेल, असा त्याचा अर्थ. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, लेकराच्या कानामागे घाम येणारच. पाण्यात बुडून टिकणारी मशीन कानामागच्या घामाने बिघडत असेल तर दोष मशिनीत आहे. मी रोज रात्री सेल काढून मशीन ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या डबीत ठेवत होते. नळी साफ करत होते. बंद पडू लागली तेव्हा केशरी स्टिकरची नवी १३ नंबरची सेल टाकूनही पाहिली. ओलावा कुठे सापडला, त्याचा फोटो किंवा लेखी तपासणी अहवाल मी मागितला. तो आजवर दिलेला नाही.

या सगळ्यात लेकराचं काय झालं ते आपल्याला कळलं पाहिजे. दोन्ही मशिनी चालू असताना माझी मुलगी ‘दादा’ म्हणायला लागली होती. बैलाच्या घुंगराचा आवाज आला की दाराकडे धावायची. ‘पानी दे’ हे दोन शब्द जोडून म्हणाली त्या दिवशी सासूबाईंनी तिची दृष्ट काढली. आता एकाच कानाने ऐकताना आवाज कोणत्या बाजूने आला हे तिला कळत नाही. पेरणीचे दिवस आहेत, गल्लीतून ट्रॅक्टर जातात, म्हणून तिला एकटीला अंगणात सोडायची सोय राहिली नाही. थेरपीच्या ताईंनी स्पष्ट सांगितलं, बोली शिकण्याचं हेच वय, दोन्ही कान चालू असले तरच मेहनत फळाला येईल. नंबर लागायची वाट पाहून मिळालेली थेरपीची वेळ आम्ही अर्ध्या ऐकण्यावर घालवतो आहोत. दुरुस्तीचा कागद आपल्या टेबलावर जितके दिवस पडून राहतो, तितके तिच्या शिकण्याच्या वयातले दिवस जातात आणि ते पुढे भरून निघत नाहीत.

डाव्या कानाची गोष्ट वेगळी. मशीन चांगली आहे, साचा सैल झाला आहे. लेकरू वाढतं तसा कान वाढतो, आवाज बाहेर निसटतो आणि मशीन शिट्टी मारते. शिट्टी झाली की पोरगी ती ओढून फेकते. लहान मुलांचा साचा काही महिन्यांनी बदलावाच लागतो हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यासाठी दर वेळी नागपूर कशाला? कानाचं माप यवतमाळमध्येही घेता येतं आणि पार्सलने आपल्याकडे येऊ शकतं. मी तसं विचारलं तर ‘बाहेरचं माप आम्ही घेत नाही’ असं उत्तर मिळालं. हा नियम कुठे लिहिलेला आहे?

आणि ‘ग्राहक संपर्कात नाही’ याबद्दल. आपले फोन येतात सकाळी दहा ते बारा. तेव्हा मी दवाखान्याच्या रांगेत असते, किंवा गावात रेंज नसते. माझे मालक केंद्रात गेले तर ओटीपी माझ्याच फोनवर येतो म्हणून त्यांना मशिनीबद्दल काही सांगितलं जात नाही. मी उलट फोन लावला की हिंदी-इंग्रजीतली बटणं दाबता दाबता लाइन कटते. फोन उचलला गेला नाही म्हणून लेकराची तक्रार मिटली असं कोणत्या हिशेबाने ठरलं?

माझं मागणं सरळ आहे. उजव्या कानाची मशीन वॉरंटीत, खर्च न घेता दुरुस्त करा किंवा बदलून द्या, आणि ती हातात येईपर्यंत वापरायला दुसरी मशीन पाठवा. यवतमाळला घेतलेलं माप स्वीकारून साचा पोस्टाने घरी पाठवा. माझ्या मालकांचं नाव आणि नंबर खात्यात जोडा, कारण पुढचे काही महिने मी बाळंतीण असेन आणि नागपूरला येणार नाही. बंद केलेली तक्रार पुन्हा उघडून तिचा नंबर लेखी कळवा.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत हे झालं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथे दावा लावता येतो आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. त्यासाठीही मला नागपूरला यावं लागणार नाही.

सोबत बिल, वॉरंटी कार्ड, मशीन जमा केल्याची पावती, ‘आयपी ६८’चं पत्रक आणि थेरपीच्या ताईंच्या चिठ्ठीची झेरॉक्स जोडली आहे. फोन करायचा असेल तर संध्याकाळी सहानंतर करा. उचलला गेला नाही तर व्हॉट्सॲपवर मराठीत लिहून टाका, मी रात्री वाचून उत्तर देईन.

आपली ग्राहक,
(सही)
मु. पो. ता. घाटंजी, जि. यवतमाळ