वजन घटले, पण ताकदही गेली

महोदय,

गेल्या वर्षी एका व्यायामशाळेतील सल्ल्यावरून मी रात्रीचे जेवण बंद करून रोज तासभर चालू लागलो. चार महिन्यांत 7 किलो वजन उतरले खरे, पण गव्हाचे पोते उचलताना हात थरथरू लागले, तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजल्याचे ध्यानात आले. उपाशी राहून बारीक होऊ पाहणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही, याची मनापासून खंत वाटते.

आपल्या ताटात पोळी-भात भरपूर आणि वरण मात्र पातळ असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 70 किलोच्या माणसाला जवळपास 58 ग्रॅम, आणि स्नायू कमवू पाहणाऱ्याला त्याहून अधिक. एका अंड्यातून जेमतेम 6 ग्रॅम मिळतात. मी आता एक पोळी कमी करून घट्ट उसळ, दही व मूठभर फुटाणे घेतो आणि आठवड्यातून तीन दिवस जोर-बैठका काढून त्यांची संख्या हळूहळू वाढवतो. वजनकाटा दोन महिने जवळपास तिथेच आहे, परंतु कमरेचा पट्टा दोन भोके आत गेला आहे. (मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.)

आपल्या आरोग्य पुरवणीत असा घरगुती आहारतक्ता छापावा, ही विनंती.

– एक वाचक, सातारा